‘रिकन्स्ट्रक्शन’ला पुनर्रचना म्हणायचं की आणखी काही?

शाईदौत
नमस्कार मंडळी. अमेरिकेतल्या यादवीनंतरच्या काळावरचं एक प्रकरण मराठीत आणते आहे आणि मथळ्यातच अडकले. १८६५ साली दक्षिणेतली ११ फुटीर राज्यं हरली, ४० लाखांच्या आसपास गुलाम सुटले आणि १८७७ पर्यंतच्या पुढच्या वर्षांना तिकडे ‘रिकन्स्ट्रक्शन’ हे नाव पडलं. कोशात पुनर्रचना, पुनर्बांधणी, पुनर्निर्माण असं सगळं मिळालं. कुठलाच शब्द चूक नाही, तरी प्रत्येक कुठेतरी टोचतो. ‘पुनर्रचना’ लिहिलं की मला १९५६ सालचा नकाशा दिसायला लागतो.

खडूफळा
त्यात तुमचा दोष नाही. राज्य पुनर्रचना आयोगामुळे तो शब्द आपल्याकडे सीमारेषांना चिकटला. पुनर्बांधणी म्हणाल तर किल्लारीच्या भूकंपानंतरची घरं आठवतात.
जाता जाता एक मास्तरकी करून घेतो. संस्कृतच्या नियमानं ‘पुनर्रचना’ होतच नाही. र् पुढे र आला की पहिला गळतो आणि त्याच्या आधीचा स्वर दीर्घ होतो. निर् + रोग = नीरोग, निर् + रस = नीरस. त्या हिशेबानं ‘पुनारचना’ हवं. कोणी म्हणत नाही आणि मीही म्हणणार नाही.

उंबरठा
अडचण ‘रचने’त नाही, ‘पुनर्’मध्ये आहे. पुन्हा म्हणजे होतं तसंच का? हा वाद त्या लोकांनीही घातला होता. एप्रिल १८६५ मध्ये लिंकन यांचा खून झाला आणि अँड्र्यू जॉन्सन अध्यक्ष झाले. त्यांना ‘रिकन्स्ट्रक्शन’पेक्षा ‘रिस्टोरेशन’ हा शब्द जवळचा. म्हणजे राज्यं कायद्यानं फुटलीच नव्हती, घडी विस्कटली तेवढी पूर्ववत बसवू. शब्द तसं धोरण: बंडखोरांना माफी, आणि जमिनी ज्याच्या त्याला परत. उत्तरेच्या फौजेचे जनरल शेरमन यांनी जानेवारी १८६५ मध्ये दक्षिण कॅरोलिना, जॉर्जिया आणि फ्लोरिडाच्या किनारपट्टीवर सुटलेल्या कुटुंबांना ४० एकरांपर्यंत जमीन देण्याचा हुकूम काढला होता. लोक तिथे पेरायलाही लागले होते. जॉन्सन यांनी ती जुन्या मळेवाल्यांच्या हवाली केली.
काँग्रेसमधल्या, म्हणजे तिकडच्या संसदेतल्या, रॅडिकल (जहाल) रिपब्लिकनांना मात्र ‘पूर्ववत’ काही नकोच होतं. १८६७ च्या कायद्यांनी त्यांनी दहा राज्यं पाच लष्करी विभागांत घातली, कृष्णवर्णीय पुरुषांना मत दिलं, राज्यांना नव्या घटना लिहायला लावल्या. १८६८ च्या चौदाव्या घटनादुरुस्तीनं नागरिकत्व आलं, १८७० च्या पंधराव्यानं मतासाठी वर्णाची आडकाठी काढली. फुटीरांचे अध्यक्ष जेफरसन डेव्हिस पूर्वी ज्या मिसिसिपीचे सिनेटर होते, तिथूनच १८७० साली हायरम रेव्हेल्स हे पहिले कृष्णवर्णीय सिनेटर गेले. आता सांगा, यात ‘पुन्हा’ काय आहे? मी सरळ ‘उभारणी’ म्हणेन.

बांधावरून
ताई, मथळ्याचं तुम्ही मोठी माणसं ठरवा. आतल्या शब्दांना जपा. शेअरक्रॉपिंगला कोणी ‘पीकवाटा पद्धत’ सुचवलं तर घेऊ नका. आमच्याकडे वऱ्हाडात बटई, इतरत्र बटाई, कोकणात अर्धेली. जमीन मालकाची, राबणं आपलं, पीक वाटून. तिकडे बियाणं, खेचर, घरचं धान्य सगळं उधारीवर यायचं आणि तारण म्हणून उभं पीकच लिहून द्यायचं. कापूस निघाला की आधी उधारी वळती व्हायची, मग वाटा. किती घरात यायचा ते कापूसवाल्याला सांगायला नको. (त्या यादवीत अमेरिकेचा कापूस अडला म्हणून आमच्या वऱ्हाडच्या कापसाला भाव चढला होता, हेही एका ओळीत टाका जमल्यास.)
दुसरं, ‘ब्लॅक कोड्स’चं ‘काळे कायदे’ करू नका. आपल्याकडे काळा कायदा म्हणजे रौलट. इथे काळी माणसं आहेत, त्यांच्यावर लादलेले कायदे. मिसिसिपीचा १८६५ चा कायदा बघा. दरसाल जानेवारीत कामाचा लेखी पुरावा दाखवायचा, नाहीतर भटका म्हणून दंड. दंड फेडता आला नाही तर जो भरेल त्याच्याकडे राबायचं. मुदतीआधी काम सोडलं तर त्या वर्षाची तोवरची मजुरी बुडाली. पाडव्याला सालगडी ठरवताना ज्यानं पाहिलं आहे त्याला हे लगेच कळेल. आमच्यात साल मोडलं तर मालक उचल मागतो, चार शिव्या हासडतो. तिकडे शेरीफ धरून आणायचा.

शाईदौत
बटई घेतला, दादा. आणि ‘काळ्यांवरचे कायदे’ असं लिहीन. आता गुलामगिरी की दास्य? संपादक ‘दास्यप्रथा’ म्हणताहेत.

खडूफळा
‘दास’ मराठीत फार सोवळा झाला आहे. रामदास, तुळशीदास. दास होण्यात धन्यता मानणारी भाषा आपली. बाजारात वजन-दात बघून विकलेल्या माणसाला तो शब्द शोभत नाही. ‘गुलामगिरी’त मात्र एक मौज आहे. दादागिरी दादा करतो, शिपाईगिरी शिपाई करतो. मग गुलामगिरी कोण करतो, गुलाम? शब्दात मालकाचा पत्ताच नाही.

उंबरठा
पत्ता जोतीरावांनी दिला की! १८७३ च्या ‘गुलामगिरी’त मालक कोण ते पानोपानी आहे. आणि ते पुस्तक त्यांनी अर्पण केलं आहे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतल्या सज्जनांना, निग्रो गुलामांना मुक्त केल्याबद्दल. शाईदौतताई, मराठी वाचकासाठी या विषयाचं दार हेच आहे. तेच १८७३ साल लुइझियानातल्या कोलफॅक्सचंही. ईस्टरच्या रविवारी तिथल्या कचेरीत थांबलेल्या कृष्णवर्णीयांवर गोऱ्यांच्या टोळीनं हल्ला केला, शरण आलेल्यांनाही मारलं. दोन्ही गोष्टी एका परिच्छेदात आल्या तर बरं.

खडूफळा
मान्य. पण ‘उभारणी’ला माझी हरकत आहे. उभारणी म्हटलं की काहीतरी उभं राहिलं असं वाटतं. १८७७ ला हेझ अध्यक्ष झाले, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलिनातल्या विधानभवनांपासून लष्कर हटलं, तिथली उरलेली रिपब्लिकन सरकारं कोसळली. राहिलं काय?

उंबरठा
चौदावी दुरुस्ती राहिली. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयानं शाळांमधली वर्णानुसार फाळणी घटनाबाह्य ठरवली ती तिच्याच आधारावर. दक्षिणेतल्या सरकारी शाळाही बहुतेक याच काळातल्या. जोतं राहिलं, भिंती पाडल्या, असं समजा.
आणि पाडणाऱ्यांनी स्वतःला काय म्हणवून घेतलं ते बघा: ‘रिडीमर्स’. उद्धारक! एकेक राज्य गोऱ्या डेमोक्रॅटांच्या हाती परत गेलं की त्याचा ‘उद्धार’ झाला. हा शब्द कसा कराल?

बांधावरून
आहे तसाच ठेवा ना. उद्धारच. आमची आजी कुणाच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची तेव्हा कुणी तिला संत म्हणायचं नाही.

खडूफळा
वा! इथे मराठी इंग्रजीच्या पुढे गेली. एकाच शब्दात त्यांचा दावाही आला आणि आपलं मतही.

शाईदौत
मग मथळा ‘उभारणी आणि उद्धार’. खडूफळा सर, हरकत मागे घेतलीत असं धरते. शेवटचे दोन: उत्तरेतून दक्षिणेत आलेल्यांना हिणवायचे ते ‘कार्पेटबॅगर’ आणि त्यांना सामील झालेले स्थानिक गोरे ‘स्कॅलवॅग’.

खडूफळा
दुसरा सोपा, घरभेदी. पहिल्याला ‘गालिचाची पिशवीवाला’ केलंत तर वाचक बोहारीण समजेल.

उंबरठा
‘उपरे’ चालेल. फक्त ते कोण कुणाला म्हणत होतं ते तिथेच लिहा. त्या उपऱ्यांत सुटलेल्यांच्या पोरांना अक्षरं शिकवायला आलेल्या मास्तरणीही होत्या.