खतखत्यात बटाटा चालतो, मग टोमॅटो का नाही?

फोंड्याची सून:
नमस्कार मंडळी, प्रश्न जरा भांडणातून आलाय. माहेर बेळगाव, सासर फोंडा, लग्नाला चार वर्षं झाली. यंदा गणेश चवथीला खतखतं (बऱ्याच भाज्या आणि डाळीचं गोव्याकडचं कालवण) करायची पाळी माझ्यावर आली. कांदा-लसूण नाही हे माहीत होतं, भाज्या चिरल्या, तूरडाळ शिजत घातली आणि सोलं (आमसुलं) कमी पडतील असं वाटून एक टोमॅटो टाकायला गेले तर आत्येसासूबाईंनी हातच धरला, म्हणाल्या देवाच्या पानावर ते विलायती नको. बरं, नको तर नको. पण पातेल्यात बघते तर बटाटा, मक्याचं कणीस, कच्ची पपई, आणि वाटणात दहा-बारा सुक्या लाल मिरच्या!! हे सगळंच मुळात अमेरिकेतलं ना? मग बटाटा आपला कधी झाला आणि टोमॅटो बाहेरच कसा राहिला? 'आमच्यात असंच असतं' हे उत्तर नको, ते घरी मिळालंय.

डिचोलीकर:
आत्यांचा हिशोब सोपा आहे ताई, जो आधी आला तो घरचा झाला, उशिरा आला तो अजून पडवीवर बसलाय 😀
पोर्तुगीजांनी गोवा घेतला 1510 ला, त्यानंतर त्यांच्या जहाजांतून मिरची, काजू, अननस, पपई, पेरू असं एकेक येत गेलं. मिरची सगळ्यात पटकन रुजली कारण तिखटाची जागा आपल्याकडे आधीपासून होतीच, तिथे मिरी होती. पण मिरी म्हणजे विकायचा माल, तिचा वेल झाडावर चढवा, वर्षानुवर्षं सांभाळा, आणि मिरची परसात बी टाकलं की चार महिन्यांत हातात. कोंकणीत मिरचीला मिरसांग म्हणतात ते ऐकलंच असेल, सांग म्हणजे शेंग. म्हणजे नाव देतानाच तिला मिरीच्या घराण्यात घेऊन टाकलं. बटाट्याने तर नावही बदललं नाही, बटाटा हा शब्दच पोर्तुगीज. टोमॅटो मात्र आपल्या रोजच्या जेवणात रुळला तो इंग्रज अमदानीत, तोही हळूहळू. नैवेद्याच्या पानापर्यंत पोचायला त्याला अजून दोनेक पिढ्या लागतील बहुतेक.

पेडणेकर:
वरच्यांचं बरोबर आहे पण खरं जुनं जेवण बघायचं तर चवथीला नाही, श्राद्धाला बघायचं. आमच्या घरी श्राद्धाला मिरची नाही, बटाटा नाही, फ्लॉवर कोबी काही नाही. अळू, सुरण, कारलं, कच्ची केळी, तवशें (काकडी), आणि तिखटाला मिरी. लहानपणी मला ते जेवण आजाऱ्याचं वाटायचं. आजीला विचारलं तर म्हणाली पितरांना जे ओळखीचं तेच वाढायचं. तिला इतिहास कुठला ठाऊक, पण बोलली ती बरोबरच ना!
आणि चवथीलाच बघायचं तर पानावर नको, वर माटोळीकडे, म्हणजे गणपतीच्या डोक्यावर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीकडे बघा. कांगलां, घागऱ्यो, माट्टीची फळं, कवंडळ, आंबाडे, सगळं रानातलं. हल्ली त्यात अननस पण लोंबत असतो ते सोडा.

मडगावचा भाऊ:
गोव्यातल्या जेवणाचा विषय निघाला की सगळं पोर्तुगीजांच्या खात्यावर जमा करायची फॅशन झालीय. तेफळ (त्रिफळ, उग्र वासाचं मसाल्याचं फळ), सोलं, नारळ, हळदीची पानं, ऊकडा तांदूळ हे कोण घेऊन आलं? खतखत्याची चव ह्यांच्यावर आहे, बटाट्यावर नाही. बटाटा काढून बघा कुणाला कळणारही नाही, तेफळ विसरून बघा.
आणि दुसरं, मिरची बटाटा खा म्हणून कुणी कुणाच्या घरात शिरलं नाही. शिरले ते वेगळ्याच गोष्टीसाठी. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, इथे 1560 ला आलं ते 1812 पर्यंत होतं, आणि त्यांच्या 1736 च्या फर्मानात हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवायला बंदी होती. भातात मीठ नाही म्हणजे बाटलेल्या घरात अजून जुनं चालू आहे असा संशय. आपण आजही भात बिनमिठाचाच शिजवतो आणि मीठ पानात डाव्या बाजूला वाढतो, कधी विचार केलाय? मला तर हे वाचल्यापासून भाताच्या पातेल्याकडे बघितलं की कसंतरीच होतं.

फोंड्याची सून:
बापरे, भाताचं हे अजिबात माहीत नव्हतं. सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
आता उगाच खाज म्हणून विचारते, मिरची-बटाट्याच्या आधीचं खतखतं घरी करता येईल का?

डिचोलीकर:
येईल की. सुरण, करांदे, मुळा, कच्ची केळी, शेवग्याच्या शेंगा, मिळाले तर बांबूचे कोंब. वाटणात ओला नारळ, हळद आणि मिरचीच्या जागी आठ-दहा मिरीदाणे. मग सोलं, थोडा गूळ. तेफळं मात्र नीट घाला, आतली काळी बी काढून टाकायची नाहीतर दाताखाली कचकचते, सालं नुसती ठेचून थोड्या पाण्यात भिजवायची आणि पातेलं उतरवायच्या जरा आधी पाण्यासकट ओतायची. आधीच टाकून उकळत बसलात तर वास उडून जातो. सुरण चिरताना हाताला तेल लावा, नंतर मला शिव्या नकोत.

फोंड्याची सून:
काल रविवारी केलं. तेल लावायला विसरले, हात अजून खाजतायत. तिखट जिभेवर नाही लागलं, घशात मागाहून लागलं, आणि तेफळाचा वास चक्क जिन्यापर्यंत. नवऱ्याने विचारलं आज कुणाचं श्राद्ध आहे. आत्यांनी दोनदा वाढून घेतलं पण तोंड वाकडं करून म्हणाल्या, लाल रंग नाही गो आला, पुढच्या खेपेला दोन मिरच्या घाल.