‘डिस्क बसली’ म्हणजे नक्की काय झालं? रॅकच्या कामातले आपले शब्द

धागाकर्ता, नागपूर

नमस्कार. मी सर्व्हर आणि स्टोरेजच्या पेट्या रॅकमध्ये, म्हणजे उभ्या लोखंडी चौकटीत, चढवायचं-उतरवायचं काम करतो. हिंगणा, बुटीबोरी, मिहान, शहरातले दवाखाने, जिथून फोन येईल तिथे जातो. सोबत आयटीआय केलेली तीन-चार पोरं असतात. पेटीसोबत येणारं पुस्तक इंग्रजीत असतं आणि काम करताना तोंडातून निघते ती आपली बोली. या दोन्हींच्या मध्ये काय सांडतं ते मी एकदा पाहिलं आहे, म्हणून हा धागा.

मागच्या वर्षी एका ग्राहकाकडे बारा डिस्कची पेटी होती. एक डिस्क सैल वाटते म्हणून मी पोराला पाठवलं. त्याने ती बाहेर घेऊन परत घातली. मी घरून लॅपटॉपवर बघत होतो, तर पेटीने ती डिस्क खराब म्हणून बाजूला टाकलेली दिसली. फोनवर म्हटलं, “चार नंबरची बसली रे.” तो म्हणाला, “हो दादा, बसली.” मला वाटलं त्याला कळलं, आता नवीन घालूनच निघेल. त्याला वाटलं नीट बसली, काम झालं. खोलीचं दार लोटून, कुलूप लावून तो घरी गेला. पेटी रेड पाचवर होती. म्हणजे एक डिस्क गेली तर माहिती वाचते, बदली डिस्क भरून होण्याआधी दुसरी गेली की सगळं जातं. दुसरी गुरुवारी पहाटे गेली. बॅकअप शनिवारचा होता. चार दिवसांच्या पावत्या तिथल्या लोकांनी एकेक करून हाताने परत चढवल्या.

त्या पोराची काहीच चूक नव्हती. मी जो शब्द वापरला तोच दुतोंडी निघाला.

आता मी रॅकच्या दाराला आतून चिकटवायला एक पान लिहितो आहे. मराठीत, मोठ्या अक्षरात. ‘बसणे’ आणि ‘काढणे’ या दोन क्रियापदांवर अडलो आहे, आणि ‘यू’ला, म्हणजे रॅकची उंची मोजायच्या मापाला, आपला काही शब्द आहे का तेही विचारायचं आहे.

अमरावतीहून प्रतिसाद

‘बसणे’ची गंमत अशी की ते एकाच वेळी यश आणि नाश दोन्ही सांगतं. गणपती बसतो, घडी बसते, जम बसतो, हिशेबाचा ताळा बसतो, लिहून लिहून हात बसतो. आणि घसा बसतो, भिंत बसते, दुकान बसतं, फुगलेला फुलका बसतो. मला यात एक सूत्र दिसतं. जे उभं किंवा चालतं राहायला हवं ते बसलं तर वाईट. जे जागेवर टेकायला हवं ते बसलं तर चांगलं. तुमच्या डिस्कला दोन्ही करायचं असतं. तिने जागेवर बसायचं आहे आणि आत फिरतही राहायचं आहे. घोळ तिथेच आहे.

माझी सूचना: आपण केलेल्या कामाला ‘बसवली’ म्हणा. त्यात करणारा माणूस दिसतो. आपोआप झालेल्या बिघाडाला ‘गेली’ म्हणा.

धागाकर्ता

‘बसवली’ एकदम पटलं, पानावर घेतो. ‘गेली’ मात्र जमणार नाही. “गेली का पूर्ण आत?” असं आम्ही दिवसातून दहा वेळा विचारतो, आणि उत्तर येतं, “गेली.” त्यापेक्षा ‘बाद’ घेतो. नोट बाद, बॅट्समन बाद. या शब्दाचा दुसरा अर्थ कोणी लावत नाही, आणि पेटीनेही त्या डिस्कला तेच केलेलं असतं.

आणि ‘बसवली’ म्हटलं तरी मी विश्वास ठेवत नाही. मी विचारतो, “खटका लागला?” डिस्कच्या चौकटीला पुढे एक दांडी असते. ती उघडी ठेवून डिस्क आत सरकवायची. शेवटच्या बोटभर अंतरावर आतला कनेक्टर भेटतो आणि दांडी आपणहून मिटायला लागते. मग अंगठ्याने ती पूर्ण मिटायची, की टक् असा आवाज येतो. दांडी आधीच मिटून डिस्क रेटली तर ती बाहेरून बसल्यासारखी दिसते, पण जोडली जात नाही. आवाज आला नाही तर परत बाहेर घ्यायची, जोर लावायचा नाही. ‘खटका’ शब्दाला मनातली शंका असाही अर्थ आहे, आणि तो इथे बरोबर उलटा लागतो. खटका वाजला की मनातला खटका जातो. पोरांना हे लगेच लक्षात राहतं.

कळमन्याहून प्रतिसाद

भाऊ, माझे बाबा कळमना मार्केटात तीस वर्षं पोते उचलत होते. तुमचं काम मी पाह्यलं नाही, पण ‘उचल’ या शब्दाबद्दल सांगतो. बाबा नव्या पोराले कधी नुसतं ‘उचल’ म्हणत नव्हते. ‘पोटाशी घे’ म्हणत. पोतं अंगापासून जेवढं दूर, तेवढी कंबर जाते. दुसरं म्हणजे दोघं असले की मोजणी. ‘एक, दोन, तीन’ म्हणून राहिले तर एक जण तीनवर उचलते अन् दुसरा तीन झाल्यावर. तेवढ्यात बोट दबते. बाबाची मोजणी होती ‘एक, दोन, घे’. ‘घे’ म्हटलं का दोघांचेही हात एकदम. तीन नव्हताच त्यात.

धागाकर्ता

दादा, हे सोन्यासारखं आहे. ‘एक, दोन, घे’ आजच लिहून टाकलं. ‘पोटाशी घे’ पण.

पेट्यांच्या वजनाचं सांगतो. साडेतीन इंची मोठी डिस्क साधारण सातशे ग्रॅमची. बारा डिस्क काढून ठेवल्या की पेटी आठ किलोंच्या वर हलकी होते. साठ डिस्कच्या पेट्या तर भरल्यावर एका धडधाकट माणसापेक्षा जड असतात. म्हणून आधी सगळ्या डिस्क बाहेर घ्यायच्या, प्रत्येकीवर तिच्या घराचा नंबर चिकटवायचा, मग रिकामी पेटी चढवायची, आणि डिस्क शेवटी, ज्या घरातली होती त्याच घरात. सोंगट्यांच्या पटावर घर असतं तसं. ‘स्लॉट’ म्हटलं तरी चालतं, पण ‘हिचं घर कोणतं?’ हे कानाला चुकत नाही. फक्त एक काळजी. बऱ्याच पेट्यांत घरं शून्यापासून मोजतात, म्हणून ‘चौथी डिस्क’ म्हणायचंच नाही. चौथी म्हणजे तीन नंबरचं घर. ‘चार नंबरचं घर’ असंच म्हणायचं, आणि ऐकणाऱ्याने नंबर परत म्हणून दाखवायचा.

पुण्याहून प्रतिसाद

चांगली चर्चा. पण पानाला थोडी प्रमाण परिभाषा असावी असं वाटतं. इन्स्टॉलेशनला ‘अधिष्ठापन’ आणि रॅकला ‘मांडणी’ हे शब्द आहेत. मांडणी तर घराघरांत आहे. मुलांनाही ते शब्द शिकायला मिळतील.

धागाकर्ता

सर, तुमची कळकळ कळते, आणि ‘मांडणी’ मलाही आवडतो. आमच्या आईच्या स्वयंपाकघरात पितळेच्या डब्यांची मांडणी होती. पण मांडणीवर वस्तू ठेवतात. रॅकमध्ये पेटी ठेवत नाहीत. ती दोन्ही बाजूंच्या रेलवर तोललेली असते आणि पुढून स्क्रूने धरलेली असते. मांडणी म्हटलं की नवा माणूस बाहेर ओढलेल्या पेटीवर दुसरी पेटी, पान्हा, कधी स्वतःचा हात टेकवतो. बाहेर ओढलेल्या पेटीवर काहीच टेकवायचं नसतं, रेल वाकते. शब्द चांगला आहे, पण तो इथे हाताला चुकीचं शिकवतो. ‘अधिष्ठापन’ हा शब्द अहवालात जरूर लिहीन. हातात तीस किलो असताना मात्र तो उच्चारता येत नाही.

आता ‘काढणे’वर येतो, कारण माझ्या मते सर्वांत जास्त धोका या शब्दात आहे. ‘पेटी काढ’ म्हणजे काय? तीन वेगळी कामं आहेत.

एक, रेलवर पुढे घेणं. यासाठी ‘ओढ’. ओढली की ती ठरावीक जागी अडते. आणि ओढण्याआधी रॅकचे पुढचे पाय बाहेर काढून टेकवले आहेत का ते बघायचं, एका वेळी एकच पेटी ओढायची. दोन ओढल्या की भार पुढे येतो आणि पूर्ण रॅक तोंडावर येऊ शकतो. जड पेट्या खाली आणि हलक्या वर, भरायला सुरुवात खालून, तेही याचसाठी.

दोन, रेलवरून सोडवून खाली घेणं. यासाठी ‘उतरव’. अडलेल्या जागी दोन्ही बाजूंचे खटके दाबले की पेटीला खालून काहीही आधार उरत नाही. म्हणून ‘उतरव’ हा शब्द दोन माणसांनी पेटी दोन्ही बाजूंनी धरल्याशिवाय उच्चारायचाच नाही.

तीन, चालू पेटीतली डिस्क बाहेर घेणं. हिला मी ‘सोडव’ म्हणतो. दांडी उघडायची, डिस्क दोन बोटं पुढे घ्यायची आणि थांबायचं. वीज तुटली तरी आतल्या तबकड्या लगेच थांबत नाहीत. मिनिटाला ७,२०० फेऱ्यांनी फिरणारी चीज आहे ती. अशी फिरती डिस्क मी एकदा घाईत हातात घेतली होती. तळहाताला बारीक थरथर जाणवते, आणि ती वळवायला गेलं की भोवऱ्यासारखी विरोध करते, मनगट नको तिकडे ढकलते. चालू असताना आतलं वाचणारं टोक तबकडीपासून केसाच्या जाडीपेक्षाही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. अर्धा मिनिट थांबायचं, थरथर संपली की मग पूर्ण बाहेर.

म्हणून पानावर ‘काढ’ हा शब्द कुठेही येणार नाही. ओढ, उतरव, सोडव. बस.

(वीज बंद करण्याबद्दलही तेच. बहुतेक पेट्यांना दोन वायरी असतात. ‘वायर काढली’ याला अर्थ नाही, ‘दोन्ही वायरी उपसल्या’ असं ऐकू आलं पाहिजे.)

महालातून प्रतिसाद

‘यू’बद्दल कोणी बोललं नाही म्हणून लिहिते. आमचा जुना वाडा आहे. आजोबा घराचं माप फुटात सांगत नसत. ‘पाच खणांचं घर’ म्हणत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. कपाटाचा खण त्यातलाच, चोळीचा खण वेगळा. तुमच्या रॅकलाही असे उभ्याने ठरलेले सारखे भाग असतील तर ‘खण’ का नाही?

धागाकर्ता

ताई, दोनदा वाचलं. अगदी तेच आहे. एक यू म्हणजे १.७५ इंच, ४४.४५ मिलिमीटर. नेहमीचा उंच रॅक ४२ यूचा, म्हणजे बेचाळीस खणी. रुंदी १९ इंच, ४८२.६ मिलिमीटर.

आणि खणाची हद्द ओळखणं हेच नव्या पोरांना जमत नाही. प्रत्येक खणात तीन भोकं असतात, पण ती सारख्या अंतरावर नसतात. खणाच्या आतली भोकं एकमेकांपासून १५.९ मिलिमीटर, आणि एका खणाचं शेवटचं भोक व पुढच्याचं पहिलं यांच्यात १२.७ मिलिमीटर. जिथे दोन भोकं जवळ आली, तिथे त्यांच्या मधोमध खणाची हद्द. मी पोरांना डोळ्याने नाही, नखाने तपासायला लावतो. हे चुकलं की डावी रेल एका भोकाने वर आणि उजवी खाली लागते, पेटी तिरकी अडकते, आणि मग पोरं ठोकायला लागतात. ‘तुळई कुठे आहे ते आधी शोध’ असं म्हटलं तर गावाकडच्या पोराला एका वाक्यात समजेल. पानावर जाणार.

धरमपेठेतून प्रतिसाद

छोटी शंका. उन्हाळ्यात गाडीतून उतरताना दाराला हात लावला की जो चटका बसतो, तो तुमच्या पेट्यांना लागतो का? त्याला काय म्हणता?

धागाकर्ता

लागतो, आणि माणसाला जाणवतही नाही. आपल्याला तो कळायला सुमारे ३,००० व्होल्ट लागतात, काही चिप शंभराच्या आतच मरतात. आपल्याकडे नवतपा सुरू असताना हवा इतकी कोरडी असते की खुर्चीवरून उठलं तरी अंगावर भार साठतो. पोरं त्याला ‘करंट’ म्हणतात आणि म्हणून घरातल्या करंटसारखंच समजतात, रबरी चप्पल घातली की झालं. इथे उलट आहे. अंगावरचा भार जमिनीत जाऊ द्यायचा असतो. म्हणून मी ‘चिमटा’ म्हणतो आणि मनगटाला अर्थिंगचा पट्टा बांधायला लावतो. आणि कोणी प्रेमाने सर्व्हरच्या खोलीत वाळ्याचा कूलर लावला तर हात जोडून बंद करायला सांगतो. त्या खोलीला १८ ते २७ अंशांची हवा लागते, पण ओली नाही.

आता एकच शब्द राहिला. पेटीच्या पुढच्या दोन्ही बाजूंना स्क्रू मारायला पत्रा असतो, त्याला सगळे ‘कान’ म्हणतात. पण कढईचे कान उचलायलाच असतात, आणि नवा पोरगा हमखास पेटीही कानाला धरून उचलतो. पत्रा वाकला की पेटी पुन्हा सरळ बसवता येत नाही. दुसरा शब्द हवा आहे.

कळमन्याहून प्रतिसाद

बिजागरीले जशी पट्टी असते तशी ‘पट्टी’ म्हणा न भाऊ. पट्टीले स्क्रू मारतात. तिले धरून दार कोणी उचलत नाही.

धागाकर्ता

पट्टी. उद्या बुटीबोरीला दोन पेट्या चढवायच्या आहेत, सोबत एक अगदी नवा पोरगा आहे. त्याला ‘कान’ हा शब्द ऐकूच देत नाही, आणि तो कुठे धरतो ते बघून इथे लिहितो.