माळ्याचा जिना : सर्वांत खालच्या पायरीचे माप

नऊ फूट उंच माळ्यासाठी बारा समान चढ (एका पायरीपासून पुढच्या पायरीपर्यंतची उंची) पुरतील का, असे एकाने विचारले आहे. 108 इंचांचे बारा भाग केले, तर प्रत्येक चढ 9 इंचांचा होतो आणि रोजच्या वापरात, विशेषतः वडीलधाऱ्यांना, तो फार जड जातो. चौदा भाग करावेत, म्हणजे चढ सुमारे 7.7 इंचांचा होईल. शेवटचे पाऊल माळ्याच्या जमिनीवरच पडत असल्याने पायऱ्यांच्या फळ्या तेराच लागतील. त्या 10 इंच रुंद धरल्यास जिन्याला जवळजवळ 11 फूट जागा हवी.

मात्र खरी चूक होते ती खाचा पाडताना. दोन्ही बाजूंच्या तिरक्या फळ्यांवर गुण्याने (सुताराच्या काटकोनी मापपट्टीने) सर्व खाचा सारख्या आखल्या आणि वर दीड इंच जाडीच्या पायऱ्या ठोकल्या, की पहिली पायरी 9.2 इंच उंच होते व शेवटची 6.2 इंचच उरते. आमच्या घरी नेमके हेच झाले होते. आई वरच्या पायरीवर दोनदा अडखळली, तेव्हा कुठे आम्ही माप घेतले. म्हणून तिरक्या फळीचे खालचे टोक पायरीच्या जाडीइतके कापावे. खाली फरशी बसायची राहिली असेल, तर तिची जाडीही आधीच हिशेबात धरावी.

कोकणात हे टोक मातीत न टेकवता चिऱ्यावर बसवावे, अन्यथा ओल आणि वाळवी तेथूनच लाकडात शिरते.