इंग्रजी आधी की दुकान आधी?

प्लॅटकाठचा
काल इथे एका सभासदानं लिहिलं, "अमेरिकेच्या खेड्यांत लॅटिनो लोकांना धंद्याचे वर्ग स्पॅनिशमधून देणं म्हणजे निव्वळ लाड. आधी इंग्रजी शिका, मग दुकान टाका." वाचून झोप उडाली.

मी नेब्रास्कात 14 वर्षं आहे. लेक्सिंग्टनला सारखं जाणं व्हायचं. 1990 मध्ये तिथे गोमांसाचा मोठा कारखाना सुरू झाला, मागोमाग मेक्सिको-ग्वाटेमालाची माणसं आली. आज निम्म्याहून जास्त गाव लॅटिनो आहे. मी ज्या पानादेरियात, म्हणजे मेक्सिकन बेकरीत, पाव घ्यायचो तिचा मालक कारखान्यात आठ तास सुरी चालवून मग भट्टी पेटवायचा. पावातलं त्याला कुणी शिकवायला नको. अडायचं करात. इथे किराण्यावर विक्रीकर नाही, तयार जेवणावर राज्याचा 5.5 टक्के आहे. म्हणजे एकाच काउंटरवर मक्याचं पीठ करमुक्त आणि त्याच पिठाच्या वाफवलेल्या गरम तामालेवर कर. हे त्याला कळेल त्या भाषेत सांगायचं, की आधी क्रियापदं घोकायला लावायची? इथल्या लायन्स गावची सेंटर फॉर रूरल अफेअर्स ही संस्था असं प्रशिक्षण आणि छोटी कर्जं स्पॅनिशमधून देते.

नोव्हेंबर 2025 मध्ये तो कारखाना बंद करायचं जाहीर झालं. सुमारे 3,200 नोकऱ्या. ही माणसं आता काय करणार?

रांगेतला
तो सभासद मीच. माझं ग्रीन कार्ड 11 वर्षं रखडलंय. परीक्षा इंग्रजीत दिल्या, अर्ज इंग्रजीत भरले, वकिलाची फी खिशातून. मुलगी 21 ची झाली की माझ्या अर्जातून बाहेर पडायची भीती आहे. मला कुणी मराठीतून वर्ग दिला? 1 मार्च 2025 च्या आदेशानं इंग्रजी अधिकृत भाषाही झालीय.

हेस्टिंग्जची सून
मुलीचं वाचून खरंच वाईट वाटलं. पण तुमची रांग त्या पाववाल्यानं लांबवलेली नाही, ग्रीन कार्डांवरच्या दर देशाला 7 टक्क्यांच्या मर्यादेनं लांबवलीय.

आणि नेब्रास्कानं ही इंग्रजीची सक्ती आधी करून पाहिलीय. 1919 च्या कायद्यानं आठवी पास होईपर्यंत मुलांना परकी भाषा शिकवायला बंदी घातली, रोख जर्मनांवर. हॅम्प्टनच्या रॉबर्ट मायर या शिक्षकाला जर्मन शिकवल्याबद्दल दंड झाला. 1923 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो कायदा उडवला. माझ्या सासऱ्यांचे आजोबा जर्मनमध्येच शेतीचा हिशेब लिहायचे. सासऱ्यांना आता जर्मन प्रार्थनेपुरती येते.

सांगोलेकर
अमेरिकेचं राहू द्या. आमच्या तालुक्यात एका बँकेनं वडिलांच्या शेळीपालनाच्या कर्जाची कागदपत्रं इंग्रजीत पुढे केली. नऊ पानांवर सह्या. खात्यातून विम्याचे पैसे कापले जातायत हे दोन वर्षांनी कळलं. फॉर्म प्रादेशिक भाषेतही हवेत असं रिझर्व्ह बँक सांगते. मागितले तर "संपलेत".

रांगेतला
विषय कुठे नेताय? मराठी माणसानं आधी धंदा करावा, मग भाषेचं बोलावं.

सांगोलेकर
हे वाक्य माझ्यापुढे पुन्हा बोलू नका. 40 शेळ्या म्हणजे धंदा नाही? तुम्ही पगार घेता, माझा बाप जोखीम घेतो. शेजारी म्हसवडला या. माणदेशी महिला बँकेला आधी परवाना नाकारला होता, कारण काय, तर प्रवर्तक बायका निरक्षर. त्या बायका तोंडी व्याज काढून दाखवायला उभ्या राहिल्या. 1997 मध्ये बँक झाली. आता तिथल्या बायकांना धंद्याचे धडे बसमधून, गावात, मराठीत मिळतात. त्यांनाही आधी इंग्रजी शिकायला सांगणार?

ओमाहाची हिशेबनीस
जरा थांबा दोघं. मी अशा दुकानांची पुस्तकं लिहिते. वर्ग स्पॅनिशमध्येच हवेत, पण रांगेतला यांचं एक खरंय. गाळ्याचा भाडेकरार इंग्रजीतच येतो. माझ्या एका ग्राहकानं छताची दुरुस्ती भाडेकरूकडे असलेला करार सही करून दिला आणि गारपिटीनंतर साठवलेले सगळे पैसे छतात गेले. करारातले शंभरेक इंग्रजी शब्द त्याच वर्गात शिकवले पाहिजेत.

रांगेतला
मी हेच म्हणत होतो.

प्लॅटकाठचा
नाही. तुम्ही "आधी इंग्रजी" म्हणत होता.

रांगेतला
बरं, "आधी" मागे घेतो. कर मीही भरतो, त्यामुळे पैसा कुठे जातो ते विचारणारच. सांगोलेकर, वडिलांबद्दल बोलायला नको होतं.

सांगोलेकर
ठीक. पण विम्याचे पैसे परत मागायचा अर्ज अजून लिहायचाय.

ओमाहाची हिशेबनीस
नऊही पानांचे फोटो पाठवा. मराठीतून लिहून देते.