बीफ-चीज डिप फुटतं, वर तेल तरंगतं. काय चुकतंय?

उभी_पळी

मंडळी, शनिवारी घरी वीसेक माणसं आहेत आणि मी पुन्हा एकदा गरम बीफ-चीज डिप करायचं मनावर घेतलंय. मागच्या खेपेला फजिती झाली होती. अर्धा किलो खिमा कांदा-लसणावर परतला, त्यावर दूध ओतलं, रटरट उकळायला लागलं तशी किसलेल्या चीजची दोन पाकिटं त्यात रिकामी केली. पाच मिनिटं सगळं झकास. मग कडेने पिवळं तेल सुटलं, मधे चीजचा रबरी गोळा जमला आणि खाली रवाळ पाणी. मी घाबरून आच आणखी वाढवली (का ते विचारू नका). पाहुण्यांनी चिप्सने तेल बाजूला सारत सारत खाल्लं, माणसं चांगली होती म्हणून.

चव जुन्या, कडक चेडरचीच हवी आहे. डबाबंद चीज सॉस नको. आणि दोन-तीन तास गरम कसं ठेवायचं? स्लो कुकर आहे.

मंद_आच

तुझ्या लिहिण्यातच उत्तर आहे बघ: "रटरट". चीज फार तापलं की त्यातली प्रथिनं आखडतात आणि धरून ठेवलेलं पाणी नि चरबी बाहेर ढकलतात. तोच तुझा रबरी गोळा आणि तेच तुझं तेल. एकदा असं आखडलं की आच वाढवून ते परत सुटं होत नाही, उलट आणखी घट्ट होतं.

मी असं करते. खिमा आधी वेगळा, चांगला लाल होईपर्यंत परतायचा आणि चाळणीत टाकून त्याची चरबी निथळू द्यायची. ही पायरी गाळलीस तर सॉस कितीही छान जमला तरी वर तवंग येणारच. दुसऱ्या पातेल्यात दोन मोठे चमचे लोण्यावर तेवढाच मैदा परतायचा, रंग न बदलता, फक्त कच्चा वास जाईपर्यंत. मग दोन कप दूध थोडं थोडं घालत घोटायचं. दाटसर झालं की गॅस बंद. आता चीज, मूठ मूठ. एक मूठ विरघळली की दुसरी. ३०० ग्रॅम पुरे. शेवटी खिमा.

चीज घरी किस. पाकिटातल्या किसाला चिकटू नये म्हणून स्टार्च किंवा सेल्युलोज लावलेलं असतं, त्याने सॉस कधीकधी पिठूळ लागतो. आणि नुसतं जुनं चेडर नको. चीज मुरतं तशी त्यातली प्रथिनांची जाळी मोडत जाते, म्हणून ते चरबी लवकर सोडतं. अर्धं जुनं चवीला, अर्धं कोवळं अंगाला.

बरणीतलं_मीठ

मैद्याने चेडरची चव दबते असं माझं मत, भांडण नको. मी सोडियम सायट्रेट वापरतो. सायट्रिक आम्लाचंच हे मीठ, पांढरी पूड. प्रथिनांना जोडणारं कॅल्शियम ते काढून घेतं, मग प्रथिनं मोकळी होऊन चरबीला धरून ठेवतात. नवं काही नाही यात. १९११ साली स्वित्झर्लंडमध्ये पहिलं प्रोसेस्ड चीज केलं ते याच्याच जोरावर. २५० मिली दुधात १० ग्रॅम पूड विरघळवून, मंद आचेवर ३०० ग्रॅम चीज घालत फेटा. नुसतं जुनं चेडर घेतलंत तरी चालतं. मीठ मात्र अगदी शेवटी, चाखून, कारण पूड स्वतःच खारट असते.

पूड नसेल तर प्रोसेस्ड चीजचे तीन-चार स्लाइस चेडरसोबत टाका. त्यात असलीच क्षारं असतात, बाकीच्या चीजलाही थोडं सांभाळून घेतात. नाकं मुरडणाऱ्यांना सांगू नका.

काठावरची_साय

गरम ठेवण्याबद्दल कुणीच बोललं नाही अजून. अगं, स्लो कुकर फक्त गरम *ठेवायला*. गार डिप त्यात "वॉर्म"वर टाकून तापायची वाट बघू नकोस, मांस आहे ते. खिमा ७१ अंशांपर्यंत शिजलेला हवा आणि नंतर डिप ६० अंशांच्या खाली उतरता कामा नये. टेबलावर नुसतं वाडग्यात ठेवणार असशील तर दोन तासांनंतर उरलेलं सरळ टाकून दे.

आणि एक. पातेल्यात बरोबर वाटतं ते वाडग्यात गेल्यावर गच्च होतं. जरा पातळच ठेव. कुकरच्या कडेला साय धरते, अर्ध्या तासाने कोमट दुधाचा एक चमचा घालून ढवळ.

उभी_पळी

काल रात्री अर्ध्या मापात करून पाहिलं, मंद_आच यांच्या पद्धतीने. खिमा निथळला तर वाटीभर चरबी खाली! मागच्या वेळी ही सगळी मी पाहुण्यांना खाऊ घातली होती.

चीज घालताना हात शिवशिवत होता गॅस लावायला, पण नाही लावला. तेल सुटलं नाही. फक्त चौथ्या मुठीला पातेलं गार पडलं आणि थोडा किस तसाच राहिला, तेव्हा अगदी बारीक आचेवर अर्धा मिनिट धरलं. चाललं ना ते? सोडियम सायट्रेट मागवलंय, शनिवारच्या आत आलं तर तेही करून बघते. आणि हो, आंबटपणाला टोमॅटो घालायचा विचार आहे. त्याने दूध फाटेल का?

मंद_आच

बारीक आच चालते, फक्त बुडबुडे येऊ देऊ नकोस. टोमॅटो खिम्यातच परतून पाणी आटव, मग घाल. कच्चा सॉसमध्ये टाकलास तर परत इथेच भेटू.