खाशाबांच्या लेखासाठी संदर्भ कुठून आणायचे?

लाल_माती: मराठी विकिपीडियावर पैलवान खाशाबा जाधवांचा लेख जरा नीट करायला घेतलाय, पण गुगल केलं की दहा साइटवर शब्दन् शब्द तोच मजकूर, कुणी कुणाचं उचललंय कळत नाही. १९५२ हेलसिंकीचं ब्राँझ सगळ्यांना पाठ आहे हो, पण लंडनचं काय? पक्का संदर्भ कुठला देऊ?

जुना_खेळाडू: त्या दहाही साइट सोडा, निम्म्यांनी विकिपीडियावरूनच ढापलेलं असतं, तोच संदर्भ परत विकिपीडियात लावला की झालं गोल गोल राणी! निकालासाठी ऑलिम्पीडिया बघा, ऑलिम्पिक निकालांची साइट आहे. १९४८ लंडनला फ्लायवेट वजनगटात सहावा नंबर, ५२ ला बँटमवेट गटात ब्राँझ. आयोजन समितीचे अधिकृत अहवालही स्कॅन होऊन नेटवर आहेत.

पेठेतली: फक्त निकालाच्या तक्त्यावर लेख उभा राहत नाही पण. त्यांचं गाव गोळेश्वर, कराड, लोकांनी वर्गणी काढून पाठवलं वगैरेसाठी छापील पुस्तक किंवा जुनी वर्तमानपत्रं, लायब्ररीत जाऊन बसावं लागतं, इलाज नाही. तारीख आणि पान नंबर लगेच टिपून ठेवा, मी एकदा नाही टिपलं तर पूर्ण परिच्छेद उडवला होता.

जुना_खेळाडू: आणि 'भारताचं पहिलं वैयक्तिक पदक' असं नका लिहू, १९०० पॅरिसला नॉर्मन प्रिचर्डची दोन रौप्य आहेत. 'स्वतंत्र भारताचं' लिहा, नाहीतर लेखाच्या चर्चापानावर भांडण ठरलेलं.

लाल_माती: बरं झालं विचारलं, तेच लिहून ठेवलं होतं 😅 शनिवारी लायब्ररीत जातो.