लिंकना यूटीएम खुणा कशा लावाव्यात आणि छोटी लिंक कोणाची वापरावी?

पाऊलखूण (प्रश्न)

आमच्या संकेतस्थळावरील लेखांच्या आणि अभ्यासक्रमांच्या लिंक आम्ही ईमेल-पत्रिका, व्हॉट्सअ‍ॅपवरील गट, फेसबुक आणि छापील पत्रके अशा चार मार्गांनी वाचकांपर्यंत पोहोचवतो. भेटी मोजणाऱ्या गूगल अ‍ॅनालिटिक्समध्ये मात्र बहुतेक भेटी 'डायरेक्ट' या एकाच रकान्यात जमा होतात. त्यामुळे कोणत्या मार्गावर अधिक वेळ आणि पैसा खर्च करावा, हे अंदाजानेच ठरवावे लागते. लिंकच्या शेवटी यूटीएम खुणा (वाचक कोणत्या मार्गाने आला हे सांगणारे शब्द) जोडण्याचा सल्ला मिळाला होता आणि त्याप्रमाणे करून पाहिले, परंतु लिंक इतकी लांबली की व्हॉट्सअ‍ॅपवर निम्मी स्क्रीन तिनेच व्यापली. आमच्या पानांचे पत्ते देवनागरीत असल्यामुळे लिंक कॉपी केली की टक्केचिन्हांचे एक अगम्य भेंडोळे हाती येते, ही आणखी वेगळी अडचण आहे.

लिंक छोटी करून देणारी एखादी मोफत सेवा वापरावी, तर काही वाचक कळवतात की अनोळखी छोट्या लिंकवर ते क्लिक करत नाहीत, आणि त्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. खुणा नेमक्या कशा लावाव्यात, छोटी लिंक कोणाची असावी आणि पत्रकावरील क्यूआर कोडसाठी वेगळे काही करावे लागते का, याबद्दल अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे, ही विनंती.

सरळरेघ

'डायरेक्ट' या रकान्यातील वाचकाने पत्ता स्वतः टाइप केला असेलच असे नाही. भेटीचा उगम कळू शकला नाही, एवढेच तो रकाना सांगतो. एका संकेतस्थळावरून दुसऱ्यावर जाताना ब्राउझर आधीच्या पानाचा पत्ता 'रेफरर' म्हणून पुढच्या सर्व्हरला कळवतो, परंतु व्हॉट्सअ‍ॅपमधून, मोबाइलवरील ईमेल अ‍ॅपमधून किंवा क्यूआर कोडवरून पान उघडले तर हा रेफरर बहुधा येतच नाही. आणि तो आला तरी २०२० पासून क्रोमसारखे ब्राउझर दुसऱ्या संकेतस्थळाला फक्त डोमेनचे नाव कळवतात, पूर्ण पत्ता कळवत नाहीत. त्यामुळे तुमच्यासारख्या चार मार्गांच्या कामात खुणांना पर्याय नाही.

यूटीएममधील 'यू' हे 'अर्चिन' या कंपनीच्या नावाचे आद्याक्षर आहे. गूगलने २००५ मध्ये ही कंपनी विकत घेतली आणि तिच्याच तंत्रावर अ‍ॅनालिटिक्स उभे राहिले. नेहमीच्या वापरात तीन खुणा पुरतात: 'सोर्स' म्हणजे वाचक कुठून आला, 'मीडियम' म्हणजे तो कोणत्या प्रकारच्या माध्यमातून आला आणि 'कॅम्पेन' म्हणजे कोणत्या मोहिमेतून आला. बहुतेकांची गडबड 'मीडियम'मध्ये होते. अ‍ॅनालिटिक्स भेटींची वर्गवारी ठरावीक शब्द पाहून करते, त्यामुळे तिथे 'ईमेल', 'सोशल' असे तिला ओळखता येणारे इंग्रजी शब्दच वापरावेत. स्वतःच्या कल्पनेतून नवा शब्द घडवला तर ती भेट 'अनअसाइन्ड' या अडगळीत जाते. क्यूआर कोडसाठी तयार वर्ग नाही, म्हणून अ‍ॅनालिटिक्सच्या सेटिंगमध्ये त्याचा स्वतंत्र चॅनेल-गट करून घ्यावा.

दुसरी गोष्ट स्पेलिंगची. सोर्स आणि कॅम्पेनच्या नावांत कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे वेगळी मानली जातात, म्हणून एकाने नाव कॅपिटलपासून सुरू केले आणि दुसऱ्याने सगळे स्मॉलमध्ये लिहिले, तर एकाच पत्रिकेच्या दोन नोंदी दिसतात. सगळे काही स्मॉल अक्षरांत लिहायचे, दोन शब्दांमध्ये जागा न सोडता जोडरेघ द्यायची आणि ठरलेली नावे एका सामायिक स्प्रेडशीटमध्ये ठेवून लिंक तिथल्याच सूत्राने तयार करायची, एवढी शिस्त पाळली तर वेगळे साधन विकत घेण्याची गरज मला तरी कधी वाटलेली नाही. गूगलचे 'कॅम्पेन यूआरएल बिल्डर' मोफत आहे आणि चांगलेही आहे, पण कालच्या लिंकमध्ये कोणते नाव दिले होते हे ते लक्षात ठेवत नाही, आणि खरी अडचण तीच असते.

पत्त्यात हॅशचिन्ह असेल तर खुणा त्याच्या आधी याव्यात, कारण हॅशनंतरचा मजकूर सर्व्हरकडे जातच नाही आणि अ‍ॅनालिटिक्सही तिथे यूटीएम शोधत नाही. स्वतःच्याच संकेतस्थळावरील एका पानावरून दुसऱ्या पानाकडे नेणाऱ्या लिंकना या खुणा कधीही लावू नयेत. तसे केल्यास मूळ उगमाच्या जागी तुमच्याच बॅनरचे नाव नोंदले जाते. वाचकाचा ईमेल-पत्ता किंवा फोन क्रमांक तर लिंकमध्ये मुळीच घालू नये. तो सर्व्हरच्या नोंदींत आणि ब्राउझरच्या इतिहासात राहतो, शिवाय अ‍ॅनालिटिक्सच्या नियमांनुसार अशी वैयक्तिक माहिती तिथे पाठवण्यास मनाई आहे.

देवनागरी पत्त्यांबद्दल सांगायचे तर, यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येक देवनागरी चिन्ह तीन बाइटचे असते आणि कॉपी करताना प्रत्येक बाइटची तीन अक्षरे होतात. 'मराठी' या शब्दात काना आणि वेलांटी धरून पाच चिन्हे आहेत, म्हणजे तेवढ्यासाठीच ४५ अक्षरे लागतात. पत्ते देवनागरीतच ठेवावेत असे माझे मत आहे, पण पाठवण्यासाठी छोटी लिंक घ्यावी.

जाता-येता वाचणारा

माझा विपणनाशी संबंध नाही, मी लिंकवर क्लिक करणाऱ्यांच्या बाजूचा आहे, म्हणून त्या बाजूने थोडे लिहितो. लिंक पाहताना आम्ही फक्त डोमेन वाचतो, म्हणजे 'एचटीटीपीएस'नंतरच्या दोन तिरप्या रेघांपासून पुढच्या एकेरी तिरप्या रेघेपर्यंतचा भाग, आणि त्यातही उजव्या टोकाचा. तिथे ओळखीचे नाव असेल तर मागे कितीही खुणा असल्या तरी हरकत नसते. छोटी लिंक नेमके हेच नाव झाकते. बिटली या लिंक छोट्या करणाऱ्या सेवेच्या लिंकच्या शेवटी अधिकचिन्ह लावल्यास ती कुठे नेते हे न उघडता पाहता येते आणि संशयास्पद लिंक व्हायरसटोटल या संकेतस्थळावर तपासता येते. पण प्रत्येक लिंकसाठी वाचकाने इतके कष्ट घ्यावेत, ही अपेक्षा अवाजवी आहे.

तुमच्या खुणा सगळ्यांपर्यंत टिकत नाहीत, हेही लक्षात घ्यावे. फायरफॉक्समध्ये २०२३ पासून खुणा गाळून लिंक कॉपी करण्याची सोय आहे आणि मी ती नियमित वापरतो. त्याच वर्षीच्या आयओएस १७ पासून अ‍ॅपलचे मेल, मेसेजेस आणि सफारीची खासगी विंडो लिंकमधील व्यक्तिगत ओळखक्रमांक काढून टाकतात, उदाहरणार्थ फेसबुकचा 'एफबीक्लिड' किंवा गूगलचा 'जीक्लिड'. यूटीएमला मात्र ती हात लावत नाहीत. मला हा फरक योग्य वाटतो. कोणत्या पत्रिकेतून वाचक आला हे मोजणे निराळे आणि नेमकी कोणती व्यक्ती आली याचा माग ठेवणे निराळे.

पाऊलखूण

दोघांचे मनःपूर्वक आभार. स्प्रेडशीटचे काम आजच सुरू करतो. छोट्या लिंकसाठी आमचेच डोमेन वापरता येईल का? पत्रकासाठी एका मोफत संकेतस्थळावरून 'डायनॅमिक' क्यूआर कोड तयार करून ठेवला आहे, पण पत्रके अजून छापायला दिलेली नाहीत. तो तसाच वापरावा का?

चौकटीबाहेर

छापायला दिली नसतील तर कृपया थांबा. डायनॅमिक कोडमध्ये तुमच्या पानाचा पत्ता नसतो, त्या सेवेच्या डोमेनवरील छोटी लिंक असते आणि तिथून वाचकाला तुमच्याकडे वळवले जाते. अशा अनेक सेवांत चाचणीची मुदत संपली की कोड बंद पडतो आणि पैसे भरेपर्यंत त्याजागी त्यांचे स्वतःचे पान दिसते. वाटून झालेली पत्रके परत आणता येत नसल्यामुळे त्या वेळी तुमच्या हाती काहीच उरत नाही. सेवा मोठ्या कंपनीची असली तरी धोका पूर्ण टळत नाही. गूगलने आपल्या लिंक-सेवेत नवीन लिंक देणे २०१९ मध्ये थांबवले आणि २०२४ मध्ये जुन्या लिंकही बंद करण्याचे जाहीर केले. वापरात असलेल्या लिंक चालू ठेवण्याचा निर्णय नंतर झाला, पण तोपर्यंत अनेकांना जुनी पाने उकरून लिंक बदलत बसावे लागले. सार्वजनिक लिंक-सेवांची डोमेने स्पॅम पाठवणारेही वापरतात, त्यामुळे त्यांच्या करणीचा फटका तुमच्या ईमेलला बसू शकतो.

म्हणून छोटी लिंक स्वतःच्या डोमेनवरच असावी आणि ती करणे अवघडही नाही. वर्डप्रेस असेल तर 'रीडायरेक्शन' हे मोफत प्लगिन पुरते. स्वतंत्र व्यवस्था हवी असेल तर 'युअर्ल्स' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर आपल्या सर्व्हरवर बसवता येते. डोमेन, तिरपी रेघ आणि एक सोपा शब्द, एवढीच लिंक वाचकाला दिसावी आणि यूटीएम खुणांसह पूर्ण पत्ता वळणाच्या (रीडायरेक्टच्या) पलीकडे असावा. अशाने वाचकाला ओळखीचे नाव दिसते, देवनागरीचे भेंडोळे नजरेआड राहते आणि वळवताना खुणा गळून पडण्याची भीतीही उरत नाही. प्रत्येक मार्गासाठी शब्द मात्र वेगळा ठेवावा.

वळण ३०२ प्रकारचे, म्हणजे तात्पुरते ठेवावे. ३०१ म्हणजे कायमचे वळण. ब्राउझर ते स्वतःजवळ साठवून ठेवू शकतो, त्यामुळे उद्या तुम्ही तीच लिंक दुसऱ्या पानाकडे वळवली तरी आधी येऊन गेलेला वाचक जुन्याच पानावर पोहोचण्याची शक्यता राहते. पान कायमचे हलवले असेल तेव्हा ३०१ योग्य असते, मोहिमेच्या लिंकसाठी नाही. वळण नीट बसले आहे का हे ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समधील 'नेटवर्क' या भागात 'प्रिझर्व्ह लॉग' चालू करून पाहता येते, किंवा 'कर्ल' या आज्ञेने फक्त हेडर मागवूनही कळते.

आता क्यूआर कोड. अशी लिंक हाती असेल तर साधा स्थिर कोड पुरतो, कारण गंतव्य बदलण्याची सोय वळणातच आहे. कोडमध्ये मजकूर जितका जास्त तितके त्यातील चौकोन बारीक होतात आणि कमी उजेडात किंवा सुरकुतलेल्या कागदावर ते वाचणे अवघड जाते. इथे एक युक्ती उपयोगी पडते. क्यूआरच्या रचनेत अंक, कॅपिटल इंग्रजी अक्षरे आणि मोजकी चिन्हे साठवण्याची एक काटकसरीची पद्धत आहे; तीत प्रत्येक अक्षराला आठऐवजी सरासरी साडेपाच बिट लागतात. सुमारे तीस अक्षरांची लिंक मध्यम दुरुस्ती-पातळीवर (कोड थोडा खराब झाला तरी वाचता यावा यासाठीची सोय) स्मॉल अक्षरांत लिहिली तर २९ × २९ चौकोनांचा कोड लागतो, आणि तीच पूर्ण कॅपिटलमध्ये लिहिली तर २५ × २५ मध्ये मावते. डोमेनच्या नावात कॅपिटल-स्मॉलचा भेद नसतो, पण तिरप्या रेघेनंतरच्या भागात अनेक सर्व्हर तो मानतात, म्हणून वळणाच्या सेटिंगमध्ये हा भेद दुर्लक्षित करण्याचा पर्याय निवडावा. प्रश्नचिन्ह आणि बरोबरचे चिन्ह या काटकसरीच्या संचात नाहीत. खुणा थेट कोडमध्ये न घालण्याचे हेही एक कारण आहे.

कोडभोवती चार चौकोनांइतकी कोरी कड सोडावी. सजावटीच्या हौसेपोटी नेमकी हीच जागा खाल्ली जाते. शिवाय कोडखाली लिंक अक्षरांतही छापावी, म्हणजे स्कॅन करण्यापूर्वी आपण कुठे जाणार आहोत हे वाचकाला समजेल.

सरळरेघ

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे. ईमेलपुरते दोन मुद्दे जोडतो. पत्रिका पाठवणाऱ्या सेवा क्लिक मोजण्यासाठी प्रत्येक लिंक स्वतःच्या डोमेनमार्गे वळवतात. अशा वेळी मजकुरात तुमचा पूर्ण पत्ता लिहिलेला असेल आणि त्यामागची लिंक भलत्याच डोमेनची असेल, तर फसव्या ईमेलची खूण तीच असल्यामुळे ईमेलच्या स्पॅम-गाळण्या सावध होतात. म्हणून लिंकच्या जागी पत्ता न लिहिता 'अभ्यासक्रमाची माहिती' असे वर्णन लिहावे आणि सेवेत सोय असल्यास क्लिक मोजण्यासाठी आपलेच उपडोमेन जोडून घ्यावे. दुसरे असे की, कार्यालयीन ईमेलमधील सुरक्षा-प्रणाली लिंक तपासण्यासाठी स्वतःच क्लिक करतात, त्यामुळे पत्रिका पोहोचताच काही सेकंदांत आलेले क्लिक माणसांचे समजू नयेत.

वाचकाने खुणांसकट पत्ता कॉपी करून पुढे पाठवला, तर त्यावरून येणाऱ्या नवीन भेटीही पत्रिकेच्याच नावावर जमा होतील. अ‍ॅनालिटिक्सची नोंद झाल्यानंतर पत्त्याच्या पट्टीतील खुणा पुसणारी जावास्क्रिप्टची एक ओळ यासाठी पुरते. 'रिप्लेसस्टेट' या नावाने शोधल्यास ती सापडेल. अ‍ॅनालिटिक्सच्या आधी मात्र ती चालता कामा नये, म्हणून बसवल्यानंतर 'रिअलटाइम' अहवालात सोर्स दिसतो आहे का, हे एकदा पाहून घ्या.